सॅकच्या तळाशी

"एवढा दांडा कशाला पायजे?" सुभेदार म्हणाले. "दात घासायचेत का नांगर धरायचाय?"

असं म्हणून त्यांनी करवतीच्या पात्याने माझा टूथब्रश मधोमध कापला आणि दांडा अंगणातल्या बर्फात भिरकावला. उरलेलं डोकं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं, पुजारी तीर्थ देतो तसं. शेजारी मुबीन तांबोळी स्टोव्ह साफ करत बसला होता, तो खाली मान घालून हसत होता. त्याचा ब्रश सकाळीच कापून झाला होता.

हिमाचलातल्या किन्नौरमधलं ठांग्ती हे त्या बाजूचं शेवटचं गाव. एप्रिलचा पहिला आठवडा होता. नेगी नावाच्या सफरचंदवाल्याच्या लाकडी ओसरीवर आमचं सगळं सामान पसरलं होतं. तिथून पुढे रस्ता नव्हता. आठ दिवस स्कीवर चालायचं, मधली तुरमा खिंड ओलांडायची आणि पलीकडे स्पितीत उतरायचं, असा बेत होता. खेचर नाही, हमाल नाही, बर्फावर पळणारी यंत्रं तर नाहीच. तिघं माणसं, आणि जे लागेल ते त्यांच्याच पाठीवर. आमच्या साताऱ्याच्या गिर्यारोहण मंडळातली अशी खिंड ओलांडणारी मी पहिली बाई ठरणार होते. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण दिवसातून दहा वेळा मनात घोळवत होते.

सुभेदार दिनकर ओंबळे जावळीकडचे. तीस वर्षं फौजेत, त्यातली निम्मी बर्फात. निवृत्त होऊन साताऱ्यात आले तेव्हा आमच्या मंडळात येऊन म्हणाले, "तुम्ही सह्याद्रीत माकडासारखं चढताय ते ठीक हाय, पण बर्फात कसं चालायचं ते शिकायचंय का?" तीन हिवाळे त्यांनी आम्हाला हिमाचलातल्या उतारांवर नेऊन स्की शिकवलं. या मोहिमेच्या वेळी ते चोपन्न वर्षांचे होते. मुबीन कराडचा, स्कूटरच्या गॅरेजचा मालक. कुठलाही बिघडलेला स्टोव्ह त्याने हातात घेतला की मुकाट्याने पेटायचा. आणि मी वृंदा भोईटे, अठ्ठावीस वर्षांची, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. रोजचं काम वजनं करण्याचं, तेही मिलिग्रॅममध्ये. त्यामुळे या मोहिमेत काटा माझ्याकडे होता.

सुभेदारांचा एक नियम होता. आपली सॅक आपण भरायची नाही. माझी मुबीनने भरायची, मुबीनची सुभेदारांनी, आणि सुभेदारांची मी. "आपल्याला आपलं काहीच फालतू वाटत न्हाई," ते म्हणायचे. "दुसऱ्याचं लगेच वाटतं."

या नियमाने आमची पार सालं काढली. नकाशाचे कडेचे पांढरे पट्टे कापले गेले. कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या उसवल्या गेल्या. चहापत्तीच्या पुड्याचं बाहेरचं खोकं गेलं, माझ्या वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलं, कंगवा अर्धा झाला. तिघांत एकच पातेलं, तीन चमचे, वाट्या नाहीतच. आईने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बरणी मुबीनने सुभेदारांसमोर धरली, तेव्हा मात्र थोडं थांबणं झालं.

"हे ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले.

"ठेवायचं?" माझा विश्वास बसेना.

"लोणचं ऱ्हाऊ दे. बरणी नको. पिशवीत घाल. वर जेवण जात न्हाई, तवा हेच लागतं."

नेगींचा सफरचंदं तोलायचा स्प्रिंगचा काटा तुळईला टांगला होता. त्यावर मी एकेक सॅक अडकवली. माझी वीस किलो, मुबीनची एकवीस. सुभेदारांची भरायला घेतली तेव्हा त्यांनी माझ्या हातात ती रिकामी दिलीच नाही.

"तळाची वस्तू मी घातलीय," ते म्हणाले. "तिच्यावर बाकीचं भर."

मी आत हात घातला. अगदी तळाशी खाकी लोकरीच्या जुन्या पट्टीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. गोलसर, लांबोळकं, थंड आणि जड. सॅक काट्याला लावली तर भरली तेवीस.

"साहेब, तुमची दोन किलो जास्त भरली की," मुबीन म्हणाला.

"माझी पाठ पण जास्त हाय," सुभेदार म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

माझी आई म्हणायची, झाकलेलं भांडं दिसलं की हिचा हात झाकणाकडे गेलाच म्हणून समजा. खोटं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण कुणीतरी माझ्याकडे बघूनच केली असावी. ज्या माणसाने माझ्या ब्रशचा दांडा कापून चार ग्रॅम वाचवले, तो स्वतः दोन किलोचं काय घेऊन चालला होता? सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं की कोडं संपतं, आणि मला कोडं आवडतं. स्वतः शोधून काढण्यात जी गोडी आहे ती आयतं उत्तर मिळण्यात नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

पहिले तीन दिवस खोऱ्यातून वर वर जाण्यात गेले. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या की स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. त्या पट्ट्यांचा सुर्र सुर्र आवाज आणि आपला श्वास, एवढंच दिवसभर ऐकू यायचं. दर तासाने थांबायचं, दोन घोट पाणी, एक खजूर. बोलायला दम नसायचा, पण विचार करायला भरपूर वेळ असायचा.

"खायचं असणार," मुबीन म्हणायचा. "मटणाचं सुकट. शेवटच्या दिवशी काढतील."

"एवढं कडक?"

"मग बाटली."

"बाटली असती तर आतलं हललं असतं. हात लागला तेव्हा काही हललं नाही."

"तू दाबून पण बघितलंस?"

मी खजूर तोंडात टाकला आणि पुढे सरकले.

सुभेदारांची आणखी एक लकब माझ्या लक्षात आली होती. दिवसातून एकदा, चढ संपत आला की ते थांबत. काठ्या बर्फात रोवत. डोळे मिटत आणि खांदे दोनदा उचलून सॅक जागच्या जागी हलवून बघत, दाणेवाला पोतं खांद्यावर घेण्याआधी बघतो तसं. मग डोळे उघडून "चला" म्हणत. रोज एकदाच, फार तर पाच-सात सेकंद. कमरेचा पट्टा नीट बसवत असतील, असं मी ठरवून टाकलं. दिसलेली गोष्ट मी कधी सोडत नाही, पण तिचा अर्थ लावायची मला तेवढीच घाई असते.

चौथ्या दिवशी बर्फ पडायला लागला. खिंडीच्या खालच्या पठारावर आम्ही तंबूत अडकून पडलो. दुपारी जरा उघडलं तसे सुभेदार वरचा उतार बघून येतो म्हणून एकटेच बाहेर पडले. दोन दिवस त्यांना खोकला होता. कोरडा, छातीतून येणारा. विचारलं की म्हणायचे, "हवा कोरडी हाय." तंबूबाहेर त्यांचा खोकला लांब लांब जाईपर्यंत मी ऐकत राहिले आणि मग त्यांची सॅक ओढली.

"वृंदा," मुबीन म्हणाला.

"मीच भरते ना ती रोज? मग मला माहीत असायला नको?"

खाकी पट्टी सोडवली. आतून वरवंटा निघाला.

वरवंटा म्हणजे चटणी वाटायचा, आपल्या पाट्याबरोबर असतो तो. पुरता नव्हता, मधोमध फुटलेला अर्धाच. काळा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, एका टोकाला अजून हळदीचा पिवळट डाग. चौदा हजार फुटांवर, जिथे आम्ही चहापत्तीचं खोकंसुद्धा येऊ दिलं नव्हतं, तिथे माझ्या मांडीवर अर्धा वरवंटा पडला होता.

मुबीनला हसू आवरेना. "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..."

"आपण कोरडा पाषाण," मी म्हटलं, आणि मलाही हसू फुटलं. पण ते फार टिकलं नाही. मुबीनच आधी गंभीर झाला.

"काकींचा असंल," तो म्हणाला.

सुभेदारांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. मी त्यांच्याकडे दोनदा जेवले होते; दोन्ही वेळा पाट्यावर वाटलेली खोबऱ्याची चटणी होती. वरवंट्यावरचा तो डाग मी बोटाने पुसून बघितला आणि मला फार वाईट वाटलं. आपण कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरलो, असं वाटलं. मी पट्टी होती तशी गुंडाळली आणि वरवंटा तळाशी ठेवून दिला.

तंबूत परत आले तेव्हा सुभेदारांचे ओठ निळसर दिसत होते. "उतार चांगला हाय," ते म्हणाले. "उद्या भल्या सकाळी निघू. बाराच्या आत खिंडीत पोचलो तर पलीकडं उतरायचं. न्हाईतर मागं. आणि मागं म्हंजे मागं, कुणी तोंड वाकडं करायचं न्हाई." शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. नंतर त्यांना एवढा खोकला आला की त्यांनी पाण्याचा मगही खाली ठेवला.

त्या रात्री झोप येईपर्यंत माझं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभेदार तंबूचे खुंटे उपटत होते, तेव्हा मी त्यांच्या सॅकमधून तो वरवंटा काढला आणि मुबीनसमोर धरला.

"हा माझ्या सॅकमध्ये घाल."

"काय डोकं फिरलंय का?"

"त्यांना दम लागतोय. काकींची वस्तू टाकून तर देणार नाहीत. मग आजच्या दिवस मी घेते. खिंड ओलांडली की परत ठेवीन, कळणारही नाही."

"साहेबांना विचार ना एकदा."

"विचारलं तर देतील का?"

मुबीनने थोडा विचार केला आणि वरवंटा माझ्या सॅकच्या तळाशी घातला. ऐकणाऱ्याला वाटेल, केवढा मनाचा मोठेपणा. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यात आणखीही काही होतं. आपण त्यांच्यापेक्षा जास्त ओझं वाहतोय, आणि त्यांना ते ठाऊक नाही, याची मला मनातून गुदगुली होत होती.

सुभेदारांनी सॅक पाठीवर घेतली, पट्टा आवळला. "आज बरी बसलीय," ते म्हणाले. "खाल्लं-प्यालं की कमी होतं म्हणा."

चढ भयंकर होता. नवा बर्फ घोट्याच्या वर. दहा वाजेपर्यंत दोन किलो म्हणजे काय ते मला कळलं. प्रयोगशाळेत दोन किलो म्हणजे काट्यावरचा एक आकडा. इथे तो वरवंटा सॅकच्या तळाशी बसून प्रत्येक पावलाला मला मागे ओढत होता. खिंडीच्या खाली काळ्या खडकांचा एक पट्टा होता. तिथे पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मी काठ्यांवर कपाळ टेकून उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला एका वस्तूचा एवढा राग आला. कशाला हे लोढणं, असं मनात आलं. इथेच काढावं आणि खडकांत टाकावं. दगडांत दगड, कोण बघतंय. माझा हात सॅकच्या पट्ट्याकडे गेलासुद्धा. काकींचा चेहरा डोळ्यांसमोर आला म्हणून तो थांबला.

समोर सुभेदार थांबले होते. काठ्या रोवल्या. डोळे मिटले. खांदे एकदा उचलले, दोनदा उचलले. या वेळी जरा जास्त वेळ घेतला, काही ऐकू येतंय का बघावं तसा. ते आम्हाला मागे फिरवतील अशी मला धास्ती होती. पण त्यांनी डोळे उघडले, जरासं आश्चर्य वाटल्यासारखं हसले आणि म्हणाले, "चला. अजून हाय जोर."

बाराला दहा मिनिटं असताना आम्ही खिंडीत होतो. मी रडले. वाऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी येतंय असं सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं.

पलीकडे उतरायला लागलो आणि अर्ध्या तासात सगळं उलटलं. सुभेदार, ज्यांनी आम्हाला वळायला शिकवलं, ते सरळ उतारावर पडले. उठले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा उठलेच नाहीत. मी जवळ गेले तर बर्फात बसून हातमोजे काढत होते.

"काका, हातमोजे घाला."

"गरम होतंय," ते म्हणाले. "हवालदार, तुम्ही पुढं व्हा. मी आलोच."

मी हवालदार नव्हते. त्यांच्या श्वासातून पातेल्यात पाणी उकळतं तसा बुडबुड आवाज येत होता. हा आजार काय असतो ते त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं: फुप्फुसात पाणी भरतं, औषध एकच, खाली उतरायचं, आणि लगेच. मागे जायचं तर खिंड पुन्हा चढावी लागली असती. पुढे, दीड-दोन हजार फूट खाली, मेंढपाळांचा एक दगडी आडोसा नकाशावर होता. दिवस मावळायला पाच तास होते.

"यांना ओढत न्यायचं," मुबीन म्हणाला. "त्यांच्या स्की बांधून घसरगाडी करतो. पण सॅका घेऊन जमायचं न्हाई."

मग आम्ही दुसऱ्यांदा सामान बांधलं. ठांग्तीच्या ओसरीवर दोन दिवस लागले होते. इथे दहा मिनिटं. तंबू? नको, आडोसा आहे. स्टोव्ह हवा, रॉकेल एक बाटली. पातेलं हवं. झोपायच्या पिशव्या दोन, तिसरी त्यांच्या अंगाभोवती. दोर हवा. लोणचं मी हातात घेतलं आणि खाली ठेवलं. कॅमेरा खाली ठेवला. खिंडीत काढलेला माझा फोटो त्यात होता, पण तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. ग्रॅम मोजायची गरज पडली नाही. काय लागतं आणि काय नाही ते आपोआप दिसत होतं.

माझी सॅक उपडी केली तेव्हा खाकी पट्टी सुटली आणि वरवंटा बर्फावर पडला.

सुभेदार बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग त्यांचे डोळे, जे आतापर्यंत भलतीकडेच होते, माझ्यावर आले.

"हा तुझ्याकडं?"

"काका, मी नंतर सांगते. आधी—"

"सकाळपासनं?"

"हो."

"तरीच," ते म्हणाले. आणि डोळे मिटून घेतले.

दिवस मावळायच्या सुमारास आम्ही त्यांना आडोशाला पोचवलं. मुबीन पुढून ओढत होता, मी मागून दोराने रोखत होते. ते अंतर कसं कापलं ते मला सलग आठवत नाही. रात्रभर स्टोव्ह तेवत ठेवून मुबीन त्यांना पाणी पाजत राहिला. सकाळी श्वासातला तो बुडबुड आवाज थोडा कमी झाला होता. तिसऱ्या दिवशी स्पितीतलं पहिलं गाव लागलं, तिथून ट्रक, तिथून इस्पितळ. ते वाचले. उजव्या हाताची दोन बोटं मात्र पेरापासून गेली. बर्फात बसून त्यांनी ज्या हाताचा मोजा आधी काढला होता, तोच हात.

इस्पितळात पाचव्या दिवशी मी त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले होते. मुबीन चहा आणायला गेला होता. मी पाच दिवस मनात घोकलेलं बोलून टाकलं. काकींची आठवण म्हणून तुम्ही ते आणलं होतं, मी उघडून बघितलं, तुम्हाला त्रास नको म्हणून माझ्याकडे घेतलं, आणि शेवटी ते बर्फातच टाकून आले. मला माफ करा.

"तिची आठवण काढायला दगड कशाला लागतोय?" सुभेदार म्हणाले. "तो तिच्या हातनंच फुटला, तवा उकिरड्यावर टाकत हुती. मी म्हटलं, दे हिकडं. मला असलाच एक पायजे हुता."

"कशाला?"

त्यांनी पट्ट्या बांधलेला हात पोटावर ठेवला.

"दम लागतो ही काय खूण न्हाई. वर दम सगळ्यांनाच लागतो. पाय दुखतात, ते पण सगळ्यांचंच. मग आपल्यातला जोर संपत आलाय हे माणसाला कळायचं कसं? न्हाई कळत. फौजेत माझ्या वरचा एक अंमलदार हुता, वाघासारखा माणूस. त्याला न्हाई कळलं. सहा जण घिऊन गेला, चार आलो." ते थोडं थांबले. खोकला अजून पुरता गेला नव्हता. "तवापासनं मी एक बिनकामाची वस्तू संगं ठेवतो. पुढाऱ्यानं हातचं राखून चालायचं असतंय. ज्या दिवशी वाटलं, कशाला हे लोढणं, टाकावं हितंच, त्या दिवशी समजायचं की राखलेलं संपलं. तितनंच मागं फिरायचं. रोज एकदा थांबून मी तेवढंच बघायचो. टाकावं वाटतंय का."

मी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"त्या खडकापाशी बघितलं," ते म्हणाले. "मनात म्हटलं, दिनकर, एवढा खोकला, आणि वरवंटा जड लागंना? कमाल हाय तुझी."

"काका," मी म्हटलं. "त्या खडकापाशी मला वाटलं होतं."

"काय?"

"कशाला हे लोढणं. टाकावं इथंच. अगदी हेच शब्द. माझा हात पट्ट्यापर्यंत गेला होता."

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

"म्हंजे काटा बरोबर हुता," ते सावकाश म्हणाले. "त्यानं सांगायचं ते सांगितलं. तू एकटीनंच ऐकलंस, आणि तुला त्याची भाषा ठावं न्हवती."

"तुम्ही आम्हाला आधीच सांगितलं असतं तर..."

"तर तुम्ही दोघं दिवसभर माझ्या तोंडाकडं बघत चालला असता. म्हातारा आता टाकतोय का मग टाकतोय." ते जरासे हसले. मग हसू गेलं. "न्हाई, ते पण माझं चुकलंच. मान ताठ ठेवायची हुती मला. पण तुझं मला नवल वाटतंय, पोरी. तीन वर्षं बघतोय तुला. तुला सगळं बघायचं असतंय. उघडून बघितलंस. हातात घिऊन बघितलंस. मुबीनला दाखवलंस. स्वतःच्या पाठीवर घिऊन खिंड चढलीस."

"हो."

"आणि एकदा माझ्याजवळ बसून विचारलं न्हाईस, काका, हे काय हाय."

मुबीन तीन ग्लास चहा घेऊन आला. सुभेदारांनी सवयीने उजवा हात पुढे केला, मग तो मागे घेतला आणि डाव्या हाताने ग्लास धरला.

त्याला आता पंचवीस वर्षं झाली. सुभेदार त्यानंतरही अनेक वर्षं मंडळात येत राहिले, पण खिंड ओलांडायला गेले नाहीत. मी जाते, अजूनही. नव्या मुलामुलींना सामान बांधायला शिकवते, ब्रशचे दांडे कापते, दुसऱ्याची सॅक दुसऱ्याला भरायला लावते. माझ्या सॅकच्या तळाशी एक अर्धी वीट असते. ती मी लपवत नाही. ओसरीवर सगळ्यांच्या देखत काट्याला लावते, वजन मोठ्याने सांगते आणि थांबते. मुलं एकमेकांकडे बघतात, हसू दाबतात, कोपराने ढोसतात.

कुणीतरी तोंड उघडून विचारेपर्यंत मी पुढची सॅक काट्याला लावत नाही.